आंदोलन जिंकल्यावर गावात काय होतं?

मुंबईची माझी एक मैत्रीण नेहमी म्हणते, तुमच्या गोव्यात बरं आहे बाई, लोक रस्त्यावर उतरले की सरकार माघार घेतं. यादी काढायला बसलं तर तिचं म्हणणं खोटं नाही. १९९५ साली फोंडा तालुक्यातल्या केरीच्या पठारावर येणारा नायलॉन ६,६ चा कारखाना लोकांनी परतवून लावला, त्यात नीलेश नाईक हा तरुण पोलिसांच्या गोळीबारात गेला, त्या भागात आजही त्याचं नाव आदरानं घेतात. २००६-०७ मध्ये जमिनीच्या वापराचा प्रादेशिक आराखडा २०११ याच्या विरोधात गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि आराखडाच मागे घ्यावा लागला. २००७ च्या ३१ डिसेंबरला सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द झाल्याची घोषणा झाली. २०२० च्या नोव्हेंबरात मोलेचं जंगल वाचवायला चांदरच्या रेल्वे फाटकाजवळ हजारो लोक रात्रभर बसले होते, आणि २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. मधल्या काळात २०२१ च्या जानेवारीत सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी, त्यात बायकाच पुढे होत्या, आयआयटीची जागा बदलायला लावली.

या सगळ्याचा मला अभिमान आहे, मनापासून आहे. पण मी जिथं वाढले तिथून बघितलं की एक प्रश्न सुटत नाही. आंदोलन जिंकल्यावर गावात पुढे काय होतं? बातमी संपते, कॅमेरे जातात, कोर्टाची ऑर्डर फाईलला लागते, आणि मग सोमवार उजाडतो. त्या सोमवारबद्दल आपण फार कमी बोलतो असं मला वाटतं, म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझं माहेर डिचोली तालुक्यात, खाणीला लागून. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत लालसर व्हायचे, पांढरा युनिफॉर्म आई घरातच पंख्याखाली वाळवायची. मोठ्या रस्त्यावरून ट्रकांची रांग, एकामागोमाग एक, शाळेत जाताना रस्ता ओलांडायला कितीतरी वेळ थांबायला लागायचं. आणि विहीर. आमच्या विहिरीला आजोबांच्या काळात मे महिन्यातही पाणी असायचं म्हणे, मी पाहिलं ते मार्चमध्येच तळ दिसणारं. कारण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडचं लोहखनिज खोदत खोदत गेलं की भूजलाच्या पातळीखाली पोचतं, त्यामुळं खाण चालू ठेवायची तर खड्ड्यात येणारं पाणी सतत पंपानं उपसत राहायला लागतं, आणि ते उपसलं की आजूबाजूच्या विहिरी, झरी, सगळं खाली जातं. शिवाय एक टन खनिजामागं अडीच-तीन टन माती नि दगड निघतो, तो जातो कुठं, तर डोंगरासारखा डंप करून ठेवतात. पावसात तो डंप वाहतो, ओहळात येतो, ओहळातून शेतात. भाताच्या शेतात लाल चिखल बसला की तो सुकल्यावर सिमेंटसारखा घट्ट होतो, नांगर लागत नाही.

तर असं सगळं असताना २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. बेकायदा खाणकामावरचा शाह आयोगाचा अहवाल आला, आधी राज्य सरकारनं स्थगिती दिली, लगेच ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं. त्याआधीच्या वर्षांत चीनची मागणी इतकी वाढली होती की २०१०-११ च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर जात होतं, ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यातून, विचार करा. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून कोर्टानं परवानगी दिली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीजांचं नूतनीकरणच रद्द केलं, १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेनं ही केस ज्या चिकाटीनं लढवली त्याला तोड नाही, माझं ठाम मत आहे.

पण माझ्या दादाचे दोन ट्रक होते. बँकेचं कर्ज काढून घेतलेले, तेजीच्या काळात, जेव्हा बँकवाले घरी येऊन फॉर्म भरून घेत होते. ट्रक अंगणात उभे राहिले ते राहिलेच, टायर खाली बसले, वहिनीनं दागिने गहाण ठेवले. एका चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मी त्याला म्हटलं की दादा, विहिरीला पाणी तरी येईल आता. तो म्हणाला, "तू पगारवाली, तुला पहिल्या तारखेला पाणी येतं." पुढे मी काही बोलले नाही.

हे वाक्य मला अजून टोचतं आणि टोचलंच पाहिजे असं मला वाटतं. पर्यावरणवाल्यांवर आमच्या भागात जो राग आहे ना, तो सगळा खाणमालकांनी पेटवलेला नाही. पेटवला हेही खरं, पण लाकडं आधीच सुकलेली होती. खाण आली तेव्हा शेती गेली, खाण गेली तेव्हा शेती परत आली नाही, मधल्या मधे एक अख्खी पिढी ट्रक, बार्ज, मशीन, गॅरेज, चहाची गाडी यावर उभी राहिली. सरकारनं कर्जात सवलतीची योजना आणली, काहींना थोडाबहुत हात मिळाला, पण सवलत म्हणजे रोजगार नव्हे. कोणी तरी चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसापाशी बसून, कागद पेन घेऊन, बाबा तू आता काय करणार, तुझ्या शेताचं काय करायचं, हे बोलायला हवं होतं. ते काम कोर्टाचं नाही. मग कोणाचं?

विहिरीचंही तसंच. मला वाटलेलं उपसा थांबला की पाणी भराभर वर येईल. खड्डा भरला, निळंहिरवं पाणी, वरून बघायला सुंदर दिसतं, लोक फोटो काढतात. पण आमच्या वाड्यावर वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेती आधी खाणीच्या पंपाच्या पाण्यावर चालायची, म्हणजे ज्यांनी झरी आटवली तेच पाणी पाइपनं परत द्यायचे, ते पंप बंद झाले तर वायंगणही बंद. खड्ड्यात पाणी, शेत कोरडं, मधे अंतर कितीसं. पंप कोणी बसवायचा, वीज बिल कोणी भरायचं, खड्डा कोणाचा हेच ठरेना. लीज रद्द, त्यामुळं कंपनी म्हणते आमचं नाही, ऑफिसात गेलं तर म्हणतात अर्ज द्या. डंपच्या पायथ्याचा गाळ काढायलाही हेच. आता तर लिलाव होऊन काही खाणी परत सुरूही झाल्यात, आणि ज्यांनी आधी ट्रक विकले ते परत ट्रक बघायला लागलेत.

२०१४ च्या त्या निकालातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल गोव्यातच पुरेसं बोललं जात नाही. कोर्टानं सांगितलं की विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या किमतीचा दहा टक्के भाग एका कायम निधीत टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. म्हणजे जमिनीखालचं खनिज हे आजच्या मालकाचं नाही, आजच्या सरकारचंही नाही, आपल्याकडं ते सांभाळायला दिलेलं आहे आणि खर्च केलं तर त्याची भरपाई नातवंडांच्या नावावर ठेवायला हवी. दहाच टक्के का, हा प्रश्न 'गोंयची माती' चळवळीतले लोक विचारतात आणि मला तो एकदम रास्त वाटतो. घराण्याची जमीन विकली आणि सगळे पैसे लग्नात उडवले तर त्याला आपण उत्पन्न म्हणत नाही ना. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकासाची व्याख्या केली, आजची गरज भागवताना पुढच्यांची गरज मारू नका, साधारण असं. त्याच साली मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं. राज्य आणि ही कल्पना दोन्ही एकाच वयाची, पण आपल्या बजेटात त्या कल्पनेचं स्थान शोधावं लागतं.

आता सासरचं सांगते, कारण तिथं मला दुसरी बाजू दिसली. सासर नदीकाठी, खाजनाचं गाव. ज्यांनी खाजन बघितलं नाही त्यांना वाटेल साधं सखल शेत. पण ती जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीच्या खाली आहे. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी नदीकाठी चिखल-मातीचे बांध घातले, बाहेरून चिऱ्यांचा थर दिला, आणि खारं पाणी अडवून भात पिकवला. बांधात जिथं आतला ओहळ नदीला मिळतो तिथं मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते. मी पहिल्यांदा जवळून बघितली तेव्हा सासऱ्यांनी पायऱ्यांवर बसवून दाखवलं. लाकडाची दारं, वर फक्त बिजागरी, मोटर नाही, चाक नाही. भरती चढायला लागली की नदीचं पाणीच दारं ढकलून बंद करतं, फटीतून थोडं थोडं पाणी कुरकुरत आत येतं, लाकूड फुगून घट्ट बसतं. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली, की आतलं पाणी दारं उघडून बाहेर धावतं, आणि त्या तोंडाला रात्री जाळं लावलेलं असतं त्यात सुंगटं, शेतकं, कधी मोठी कुर्ली. ही मासळी धरायचा हक्क वर्षाला पावणी, म्हणजे लिलाव, करून देतात, आणि त्या पावणीचे पैसे मूळ पद्धतीत बांधाच्या डागडुजीला. भात पावसाळ्यात, मासळी बाकीच्या काळात, पैसा बांधाला. कोरगुट नावाचं भात होतं जे थोडंफार खारं पाणी सहन करायचं, कापणी झाल्यावर त्याचा पेंढा उरे तो गुरांना.

हे पर्यावरण होतं की विकास होता? मला तर हा विकासच वाटतो, नदीत हस्तक्षेप करून केलेला, चांगला धाडसी. आणि तो टिकला कारण गांवकारीनं, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेनं, नंतरच्या कोमुनिदादीनं, कोणी काय करायचं हे ठरवून ठेवलेलं होतं. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं तर आज रात्रीच बुजवायला हवं, उद्या चालत नाही, कारण भोकातून भरती आत शिरली की सकाळपर्यंत खिंड पडते. म्हणून माणूस नेमलेला असायचा. फिरायचा, बघायचा, चिखलाचे गोळे नि पेंढा घालायचा.

पुढे कूळ कायदा आला, कसणाऱ्याला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता, त्यावर माझा आक्षेप नाही. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडं गेली आणि बऱ्याच गावांत त्या कागदावरच उरल्या. दुसरीकडं मासळीचा भाव वाढत गेला, भाताचा वाढला नाही. मग मानशीचा ठेकेदार काय करणार? खारं पाणी जास्त दिवस आत ठेवलं की मासळी जास्त. काही ठिकाणी बांध फुटला, काही ठिकाणी फुटू दिला. आत खारं पाणी साचलं, दोन-चार पावसाळे गेले, तिवरं उगवली. आणि तिवरं उगवली की त्यांना कायद्याचं संरक्षण, तोडता येत नाही, म्हणजे शेत परत शेत करायचं तर परवानगीसाठी खेटे. मला तिवरांचं मोल माहीत आहे, चोडणचं पक्षी अभयारण्य मी शाळेच्या मुलांना घेऊन बघितलंय, तिवरं नसती तर नदीकाठ वाहून गेला असता, मासळीची अंडी कुठं वाढली असती. तरीही कसलेलं खाजन गमावून मिळालेली तिवरं ही फायद्याची गोष्ट म्हणून मोजायची का? हिरवं दिसतं म्हणून वाचलं असं होत नाही. उपग्रहाच्या फोटोत ते जंगल वाढल्यासारखं दिसेल, आणि सासरच्या वाड्यावर मात्र विहीर खारट झालेली असेल.

इथं मला चळवळीतल्या माझ्याच माणसांशी थोडं भांडायचं आहे, प्रेमानं. आपण थांबवण्यात तरबेज झालो. याचिका, मोर्चा, माहिती अधिकार, हरकती, हे सगळं आपल्याला येतं आणि ते यायलाच हवं, कारण ते नसतं तर आज बोलायला गोवा उरला नसता. २०१६ साली नारळाला झाडांच्या कायद्यातून वगळलं होतं, आठवतंय? लोकांनी इतका गदारोळ केला की पुढच्या वर्षी तो परत झाड झाला, वर राज्यवृक्षही. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली एकेका प्लॉटचं झोन बदलणं चालू होतं, त्याचे नियम २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयानं रद्द ठरवले, तेही लोक कोर्टात गेले म्हणूनच. झोनची ही लढाई तर अजून कितीतरी वर्षं लढायला लागणार, कारण सड्यांवर, म्हणजे पठारांवर, नजर आहे. जांभ्याचा सडा वरून ओसाड दिसतो, बाहेरून आलेल्याला वाटतं इथं काहीच नाही, बांधा व्हिला, खोदा स्विमिंग पूल. पण तोच सडा पाऊस पितो आणि पायथ्याच्या झऱ्यांना वर्षभर देतो, पेडण्यापासून काणकोणपर्यंत किती कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, या झऱ्यांच्या पाटावर उभी आहेत.

तर थांबवणं चालूच राहू दे. पण बांधाला माणूस कोण नेमणार, खड्ड्यातल्या पाण्याचा पंप कोण चालवणार, दादासारख्या माणसाला काय काम देणार, हे प्रश्न मोर्च्यात मावत नाहीत. आणि काही प्रश्न तर आपण टाळतोच. मोलेतून वीजवाहिनी नको म्हटलं, मीही म्हटलं, पोस्टर घेऊन उभी राहिले. पण गोव्याची वीज जवळजवळ सगळी बाहेरून येते, त्यातली बरीच कोळशाची, कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या गावात राख उडते तेव्हा आपल्याकडे एसी चालतो. आपण वाहिनी अडवली तर छपरावर सोलर किती बसवलं, पंचायतीच्या, शाळेच्या, देवळाच्या? नायलॉनचा कारखाना इथून गेला तो तामिळनाडूत उभा राहिला. आपण जिंकलो आणि तो दुसऱ्याच्या दारात गेला, हे मनात ठेवूनच पुढचं बोलायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे की विकास शाश्वत होतो तो देखभालीतून, आणि देखभाल करायला ज्याच्याकडं हक्क आहे, पैसा आहे आणि रोज बघायची सवय आहे असा कोणी तरी लागतो. शेळ-मेळावलीत लोक का इतके चिवट राहिले? पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर त्यांचं नाव नव्हतं. झाडं त्यांनी लावलेली, काजू त्यांनी गोळा केलेला, पण सातबाराच्या जागी जो आमचा एक-चौदाचा उतारा असतो त्यावर मालक सरकार. ज्याचं नावच नाही त्यानं डोंगर राखावा ही अपेक्षा, आणि तरी त्यांनी राखला. सत्तरीतच बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे, कधी गेलात तर चिखलातून वर आलेली रानजायफळाची मुळं बघा, गुडघे वर काढून बसल्यासारखी. ती पाणथळ राय कुठल्याही प्रकल्पानं नाही वाचवली, गावानं ठरवलं होतं की इथली काटकी उचलायची नाही, आणि ते ठरवणं पाळणारी माणसं तिथं राहत होती.

म्हणून मी ग्रामसभेला जाते. रविवारी सकाळी, कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायचं, मग परत सुरू. कंटाळवाणं असतं, लोक गटाराच्या झाकणावरून तासभर भांडतात, पण निर्णय तिथंच होतात किंवा तिथंच आपल्या नकळत पास होतात. जैवविविधता समिती आमच्या पंचायतीत आहे, नोंदवही कोणी तरी बाहेरच्यांनी भरून दिली, त्यात आमच्या झरींची नावंच नव्हती. आता आम्ही काही बायका मिळून वाड्यावाड्यावर जाऊन झरी, तळी, मानशी लिहून काढतोय, कुठल्या महिन्यापर्यंत पाणी, कोण साफ करायचं, आता कोण करतं. दादाही येतो. त्याला खाणीच्या आतला एकेक रस्ता माहीत आहे, कुठल्या खड्ड्यात पाणी कुठून येतं तेही, इतकी माहिती कुठल्या रिपोर्टात सापडायची नाही. खड्ड्यातलं पाणी वायंगणाला वापरायचा ठराव त्यानंच लिहिला, आणि तो एकमतानं पास झाला. पुढं अर्ज गेलाय, उत्तर आलं नाही. पंपासाठी जिल्हा खनिज निधीतून पैसे मागायचे असं ठरतंय.

तुमच्यापैकी कोणाच्या पंचायतीनं खाणीच्या खड्ड्यातलं पाणी तपासून शेतीला वापरलं असेल, किंवा मानशीच्या पावणीचे पैसे अजून बांधावरच खर्च होतात असं गाव माहीत असेल, तर मला कळवा. ठरावाची प्रत मिळाली तर फारच बरं, आमच्या सचिवांना नमुना दाखवल्याशिवाय पुढचं पान हलत नाही.